चुरीबाईंचा बाजारातला तास

दोन्ही जीप आल्या, पोरं उतरली, आणि माझी रोशनी त्यात नव्हती.

मी पहिल्या जीपमध्ये बघितलं, दुसऱ्या जीपमध्ये बघितलं, परत पहिलीच्या सीटखाली वाकून बघितलं. अकरा वर्षांची पोर सीटखाली मावते काय? पण बघितलं. कडेवर धाकटा होता, त्याला काय कळलं कोण जाणे, तो रडायला लागला. मी पोरांना विचारते रोशनी कुठंय, तर पहिल्या जीपमधली पोरं बोलतात ती बाईंच्या जीपमध्ये आहे, आणि बाईंच्या जीपमधली बोलतात ती तर पुढच्या जीपमध्ये गेली. आणि दोन्ही जीप रिकाम्या.

शाळेच्या चुरीबाई सगळ्यात शेवटी उतरल्या. हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. माझ्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं, ओठ हलवत एकदा मोजलं. मग परत मोजलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं आता ह्याच खाली पडतात, मग माझ्या पोरीला कोण आणणार. पोरांना बाजार दाखवायला नेलं होतं कासाला, आणि कासा आमच्या पाड्यापासून जीपने पाऊण तास. त्यात बाजाराचा दिवस, आणि तिथून हायवे जवळ. मला दुसरं काही सुचेना, डोळ्यासमोर नुसते ट्रक.

पुढचं सांगते. पण आधी बाई कशा होत्या ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही इथेच निकाल लावाल, आणि निकाल एवढा सोपा असता तर मी लिहायला बसली नसती.

चुरीबाई आमच्या इकडच्या नाहीत. समुद्राकडच्या, बोर्डीच्या बाजूच्या, चिकूच्या वाड्या असलेली माणसं. आमच्या शाळेत पाच वर्षं होत्या, सहावी-सातवीला इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवायच्या. पन्नाशीच्या असतील. उंचीला माझ्याएवढ्याच, पण चालायच्या अशा भरभर की पदर मागे उडायचा. छत्री बाराही महिने. उन्हात डोक्यावर, सावलीत हातात, वर्गात नकाशा दाखवायला. मारायला नाही, पोरांवर कधी हात उचलला नाही. आणि खुर्चीवर बसलेल्या मी त्यांना कधी बघितल्या नाहीत. खुर्ची पाहुण्यांसाठी, ते पण सांगते.

पहिल्या वर्षी आल्या तेव्हा सगळा पाडा हसला त्यांना. शाळेच्या अंगणात पोरांकडून चुना टाकून सगळ्या मुलखाचा नकाशा काढून घेतला, आणि एका बाजूला आपली जुनी निळी साडी अंथरली, बोलल्या हा समुद्र. मग एक पोर कासा झालं, एक डहाणू, एक तलासरी, एक उधवा, एक वाढवण. आपल्या गावात उभं राहायचं आणि सांगायचं, माझ्याकडे काय पिकतं, काय बाहेरून येतं, माझी माणसं कामाला कुठे जातात. उधवा झालेला पोरगा बोलला, मी चार पावलं टाकली की गुजरात, आणि खरंच चार पावलं टाकून निघून गेला, त्याला परत बोलवायला लागलं. माझी सासू तिथून लाकडाची मोळी घेऊन चालली होती. बाई तिला बोलल्या, आजी जपून, समुद्रात पाय पडेल. सासूने खरंच साडी वाचवून लांब पाय टाकला. घरी येऊन बोलली, बाई येडी आहे, पण साडी चांगली होती गं.

वाढवणला मोठं बंदर होणार आणि तिथले मासे मारणारे लोक नको बोलतात, हे पोरांनी कुठेतरी ऐकलेलं. बाईंनी वर्ग मधोमध कापला, अर्धे मासेवाले, अर्धे बंदरवाले. भांडण रंगात आलं की टाळी वाजवायच्या आणि बोलायच्या, आता बाजू बदला. आत्तापर्यंत जो आमची जाळी जातील बोलून ओरडत होता, त्याने आता कामं मिळतील बोलून ओरडायचं. पोरं वैतागायची. रोशनी सहावीत गेली तेव्हा तिने विचारलं, बाई, तुमची बाजू कुठली? तर बाई बोलल्या, माझं मत मी घरी कपाटात ठेवून येते, इथे आणलं तर तुम्ही तेच उचलाल. रोशनीने दोन दिवस डोकं लावलं की बाईंच्या कपाटात काय असेल.

पण घरोघरी सगळ्यात जास्त त्रास झाला तो पुराव्याचा. बाईंचा नियम होता, काही कळायचं असेल तर तीन जणांना विचारा. बोलायच्या, "एकाने सांगितली ती गोष्ट. तिघांनी सांगितली तर इतिहास. आणि तिघांनी तीन सांगितल्या तर तोही इतिहासच, तिन्ही लिहा." झालं, पोरं वह्या घेऊन पाड्यात फिरायला लागली. पाड्याची विहीर कोणी खणली हे विचारायचं होतं. माझे सासरे बोलले माझ्या बापाने. समोरचे काका बोलले माझ्या बापाने. मग पोरं सगळ्यात म्हाताऱ्या जानीआजीकडे गेली, ती बोलली, ह्या दोघांचे बाप ताडी पिऊन झाडाखाली लोळत होते, विहीर खणली बायांनी, माझी आई होती त्यात. बाईंनी तिन्ही कागद शाळेच्या भिंतीला शेजारी शेजारी लावले, खाली पोरांची नावं. सासरे महिनाभर त्या भिंतीकडून गेले नाहीत, लांबच्या वाटेने जायचे.

घरात पण तेच. रोशनीचा बापूस तलासरीकडे कंपनीत जातो, कधी उशिरा आला आणि बोलला कामावर थांबवलं, की ही पोर डोळे बारीक करून विचारायची, पुरावा? तो बोलायचा, बाईला सांग पुरावा उद्या आणतो, आधी भाकर वाढ. वरून चिडायचा, पण मी बघितलंय, त्याला मजा यायची.

आता ती खुर्ची. मी सातवी शिकली. आठवीला आश्रमशाळा लांब, घरात धाकटी भावंडं, मग राहिलंच. लहान असताना आईबापाबरोबर दर वर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची. हे बाईंना कुठून कळलं माहीत नाही, रोशनीनेच सांगितलं असेल. एक दिवस निरोप आला, रोशनीच्या आईला शाळेत बोलावलंय. मला वाटलं पोरीने काही फोडलं. धावत गेली, पायात चप्पल पण एकच नीट होती. तर बाईंनी मला त्या खुर्चीवर बसवलं. फळ्यावर माझं नाव लिहिलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. आणि पोरांना बोलल्या, आज पाहुण्या आहेत, विचारा.

मला घाम फुटला. धाकटा तेव्हा पोटात होता, मी नुसती पोटावर हात ठेवून बसली. पोरं विचारायला लागली. भट्टीवर शाळा होती का. पाणी कुठून आणायचात. झोपडी कशाची होती. परत येताना काय आणायचात. मी सांगितलं, माझ्या आईने एका वर्षी लाल हंडा आणला होता, प्लास्टिकचा, तो जीपच्या टपावरून येताना आम्ही चौघांनी आळीपाळीने धरला, उडून जाईल बोलून. पोरं हसली, मग मी पण हसली, मग भीती गेली. बाई मागे उभ्या राहून वहीत लिहीत होत्या. निघताना बोलल्या, रोशनीच्या आई, हे पुस्तकात नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं. मला तोपर्यंत वाटायचं पुस्तकात नाही ते काही झालंच नाही.

अशा बाई. आता सांगा, बाजारात न्यायला पोर मागितली तर मी नाही बोलणार होती?

बाजाराचा तास त्या दर वर्षी घ्यायच्या, थंडीत, कासाला. पाच-पाच पोरांचा गट. प्रत्येक गटाने एक वस्तू पकडायची, कांदा घ्या, मीठ घ्या, बांगड्या घ्या, आणि ती कुठून आली, किती हातांतून आली ते शोधायचं. आणि नियम तोच, तीन विकणाऱ्यांना विचारायचं. गटाला एक गटप्रमुख. गट सांभाळायचा, निघताना मोजायचा आणि बाईंना आकडा सांगायचा, हे सगळं गटप्रमुखाने. बाई बोलायच्या जबाबदारी पुस्तकातून शिकता येत नाही, हातात द्यायला लागते. रोशनी तिच्या गटाची प्रमुख झाली होती. आदल्या दिवसापासून घरातली भांडीकुंडी मोजत होती.

आणि तेच झालं. तिच्या गटाला मिळाले होते सुके बोंबील. एक बाई बोलली डहाणूच्या बंदरावरचे, दुसरी बोलली छे, हे गुजरातकडून आलेत. तिसरी काही भेटेना. निघायची वेळ झाली. रोशनीने चौघांना जीपमध्ये चढवलं, एक दोन तीन चार, आणि मी पाच, असं मोजून बाईंना ओरडून सांगितलं, पाच. स्वतः खाली उभी राहून स्वतःला जीपमध्ये मोजलं. बाई मागच्या जीपपाशी बाकीची पोरं चढवत होत्या, त्यांनी ऐकलं पाच, कागदावर खूण केली. तेवढ्यात ह्या पोरीला रस्त्याच्या पलीकडे सुक्या मासळीची एक टोपली उघडताना दिसली. जीप अजून सुरू नव्हती झाली. धावली. परत आली तर जीप नाही, आणि मागची पण नाही.

हे सगळं मला मागून कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की माझी पोर नाही.

धाकट्याला सासूकडे टाकलं आणि जीपमध्ये चढली. ड्रायव्हर बोलायला लागला माझी दुसरी फेरी आहे, बाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि बोलल्या, चला. फोन लावत होत्या ओळखीच्या एका दुकानदाराला, आमच्याकडे रेंज कुठली. रस्ताभर मीच बोलत होती, काय काय बोलली ते आठवत नाही, चांगलं नसणारच. मला वाटत होतं त्यांनी एकदा तरी बोलावं, मिळेल हो, काळजी करू नका. कोणी पण बोललं असतं. त्या नाही बोलल्या, त्यांच्याकडे पुरावा नव्हता ना. अर्ध्या वाटेवर मागे वळून फक्त एवढं बोलल्या:

"रोशनीच्या आई, मी स्वतः मोजायला पाहिजे होतं."

मी त्यांच्याकडे बघितलं पण नाही.

कासाला जीप थांबायच्या आधीच त्या उतरल्या. मी मागे. भाजीची बाजू, कपड्यांची बाजू, मी आपली रोशनी रोशनी ओरडते आणि माणसं नुसती वळून बघतात. मग मासळीच्या बाजूला गेलो. एका पालथ्या टोपलीवर माझी पोर बसलेली, मांडीवर वही, हातात पुठ्ठा, बोंबलांवरच्या माश्या उडवतेय. शेजारी समुद्राकडची एक दांडगी मावशी. ती आमच्याकडे बघून बोलली, "आलात? न्या तुमची पोर. दोन तास माझं डोकं खाल्लं हिने, बोंबील कोणी मारला, कोणी वाळवला, दांडीवर किती दिवस होता. मी बोलली बाय, त्याच्या आईबापाचं नाव पण विचार."

रोशनी उठली. तोपर्यंत रडली नव्हती. मला बघून तोंड वाकडं व्हायला लागलं, पण आधी बाईंना बोलली, बाई, तिसरी मिळाली. आणि मग रडली.

मी तिला एक ठेवून दिली आणि उराशी धरली, एकाच वेळी. बाई तिथेच खाली बसल्या, मासळीच्या पाण्यात, चांगल्या साडीने. वही हातात घेऊन तिन्ही उत्तरं वाचली. मग बोलल्या, तिसरी उद्या पण भेटली असती, पोरी. वर्गात त्या पोरांना अहो-जाहो करायच्या, ग्रामसभेच्या खेळात कुठली पोर सरपंच झाली तर तिला सरपंचबाई बोलायच्या. 'पोरी' असं मी त्यांच्या तोंडून तेव्हाच ऐकलं.

दोन दिवसांनी शाळा समितीचे अध्यक्ष आमच्या ओट्यावर आले, अर्ज घेऊन. ह्या बाईंना इथून हलवा, असा. वाईट माणूस नाही तो, त्याची पण पोर त्याच गटात होती. बोलला, वहिनी, आज तुमची राहिली आणि मिळाली. उद्या कोणाची राहील आणि मिळणार नाही. बाकी सगळ्यांचे अंगठे-सह्या घेईन, पण आईची सही पाहिजे, त्याशिवाय वर कोण बघतो. रोशनीचा बापूस भिंतीला टेकून उभा होता, बोलला, कर. त्या दिवसापासून तो नीट जेवला नव्हता.

बाई सकाळीच येऊन गेल्या होत्या. कोरा चहा घेतला आणि बोलल्या, तुमच्याकडे सही मागायला येतील, मी काही सांगायला आले नाही, फक्त वाचल्याशिवाय करू नका. आणि गेल्या.

मग मी वाचायला बसली. बोट ठेवून, एक एक शब्द. अध्यक्ष घड्याळ बघत होता. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, बाई पोरांना सोडून स्वतःची खरेदी करत होत्या. मी बोलली, भाऊ, हे नाही झालं. तो बोलला, एकाने बघितलं. मी बोलली, कोणी? एकच? तो चिडला, बोलला तुम्ही पण सुरू झालात काय. मी बोलली ही ओळ असेल तर मी सही करत नाही. खरं सांगू, मनात मला बरं वाटत होतं. वाटलं आता तो कागद घेऊन तणतणत जाईल, मी सुटेन, बाई पण सुटतील.

त्याने खिशातून पेन काढलं आणि ती ओळ कापली. बोलला, घ्या, आता?

आता जे उरलं होतं ते सगळं खरं होतं. मुलगी बाजारात दोन तास एकटी राहिली. बाईंनी स्वतः मोजलं नाही. खोटं असतं तर मला धरायला काहीतरी होतं. खऱ्याला काय धरणार? आणि डोळ्यासमोर परत ते ट्रक.

मी सही केली. पूर्ण नावाची. रोशनी दारात उभी होती, ती आत निघून गेली.

बाईंना विचारणा झाली तेव्हा त्यांनी पण त्याच दोन गोष्टी लिहून दिल्या, पोर राहिली आणि मी मोजलं नाही. जूनमध्ये त्यांची तलासरीकडे दुसऱ्या शाळेत बदली झाली. रोशनी माझ्याशी आठ दिवस बोलली नाही, मग भूक लागल्यावर बोलली. नवे सर आले ते चांगले आहेत, शांत, वेळेवर येतात. पोरं धडा वाचतात, उत्तराखाली रेघ मारतात. बाजारात कोणी जात नाही. भिंत रंगवली, विहिरीचे कागद गेले. रोशनीला मार्क पण वाढले. मी दुपारी निवांत कांदा कापत बसते, खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

मागच्या महिन्यात रोशनीच्या जातीच्या दाखल्यासाठी तलासरीला ऑफिसात गेली होती. खिडकीसमोर लाईन. बघते तर पायरीवर पोरंच पोरं, मांडीवर वह्या, आणि चुरीबाई छत्रीने एक एक खिडकी दाखवतायत, इथे अर्ज जातो, मग कोणाच्या टेबलावर, मग कुठे, जा, विचारून या. पोरं गेली, आली. मग बाई प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवत ठेवत मोजत गेल्या. आणि त्यांच्या मागून एक बाई, कोणातरी पोराची आई असणार, कडेवर लहानगं, ती पण हातातली यादी बघून मोजत होती. दोघींचा आकडा जुळल्यावर पोरं उठली.

त्या दिवशी अध्यक्ष समोर बसला होता तेव्हा हे मला का नाही सुचलं, की मी जाते की बरोबर, मी मोजते. सातवी शिकलेली आहे, शंभरच्या वर येतं मला.

बाईंनी मला बघितलं. आल्या तशाच भरभर. रोशनी कशी आहे विचारलं. मी बोलली सातवीत आहे, बरी आहे. मला सहीचं बोलायचं होतं, तोंड उघडलं पण. बाईच आधी बोलल्या:

"तुम्ही ती ओळ कापायला लावलीत. मला कळलं होतं."

बाकी काही नाही. रागावल्या होत्या का नव्हत्या ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही, कपाटातच ठेवून आल्या असतील. मागून कोणीतरी पोर बाई बाई करत आलं आणि त्या वळल्या. माझा नंबर आला, मी कागद आत सरकवले, साहेबाने झेरॉक्स मागितली, ती शोधून दिली, आणि वळून बघितलं तर पायरी रिकामी. गेटमधून पोरांची रांग बाहेर चालली होती, पुढे ती आई, आणि शेवटी छत्री.

मी लाईनमधून बाहेर आली, धावत गेटपर्यंत गेली, आणि तिथेच थांबली. काय बोलणार होती? चुकली बोलू, तर कागदावर एक अक्षर खोटं नव्हतं. बरोबर केलं बोलू, तर मग आमच्या शाळेतून तशी रांग आता का निघत नाही?

तुमची पोर असती, दोन तास परक्या बाजारात, आणि समोर कागद असता, सगळा खरा, नवरा बोलतोय कर, आणि पोर दारातून बघतेय. तुम्ही काय केलं असतं?